मागचं चाक, पुढची भीती

वेळेविरुद्धच्या सायकल शर्यतीत प्रत्येक स्पर्धक एकटा सुटतो आणि घड्याळाशी झुंजतो. अशा शर्यतीतली सायकल पाहिली की नजर आधी मागच्या चाकावर जाते. त्यात स्पोक दिसतच नाहीत. हबपासून रिमपर्यंत काळ्या कार्बनचा अखंड पृष्ठभाग असतो, आणि सायकल शेजारून गेली की त्या चाकातून घुमणारा आवाज ती दिसेनाशी होईपर्यंत ऐकू येतो. हे डिस्क व्हील. मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकशी त्याचा काही संबंध नाही. पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा वाऱ्याचाच असतो. एवढं मोठं अंग बाजूच्या वाऱ्याला दिल्यावर सायकल आडवी होणार नाही का?

प्रश्न रास्त आहे. टायरसकट ६७ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाची एक बाजू मोजली तर साधारण ०.३५ चौरस मीटर भरते, आणि स्पोकच्या चाकातून आरपार निघून जाणारा वारा इथे अडतो. तरीही हे चाक वर्षानुवर्षं वापरणारे लोक सांगतात की वाऱ्यात छाती धडधडते ती पुढच्या चाकामुळे. मागचं बिचारं निमूटपणे येत असतं. माझंही मत तेच आहे. मागच्या डिस्क व्हीलला धोके आहेत, पण ते वाऱ्यात कमी आणि व्हॉल्व्ह, टायरमधली हवा, ब्रेक, चेन अशा कंटाळवाण्या जागी जास्त आहेत. तिथे मात्र फारसं कुणी बघत नाही.

मुळात हे चाक का लावतात ते आधी पाहू. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. त्या विरोधाचा साधारण तीन-चतुर्थांश वाटा स्वाराच्या शरीराचा असतो आणि उरलेला सायकलचा. सायकलच्या वाट्यात चाकांचा हिशेब जरा विचित्र आहे. रस्त्याला टेकलेला टायरचा बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, हब सायकलच्या वेगाने पुढे जातो आणि चाकाचा माथा सायकलच्या दुप्पट वेगाने. ताशी ४५ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलच्या चाकाचा वरचा भाग म्हणजे ताशी ९० किलोमीटरने हवा कापत असतो, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्या वरच्या भागातले स्पोक एकामागून एक हवा घुसळत राहतात. चाक सलग केलं की ही घुसळण थांबते. शिवाय वारा थोडा तिरका आला तर सलग चाक शिडासारखं काम करून सायकलला किंचित पुढेही ढकलतं, त्यामुळे थोड्या बाजूच्या वाऱ्यात डिस्कचा फायदा वाढतो. ज्या वाऱ्याची भीती वाटते, तोच एका मर्यादेपर्यंत मदतीला येतो.

ही कल्पना जगाच्या नजरेत भरली ती जानेवारी १९८४ मध्ये. बेल्जियमच्या एडी मर्क्सने २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर सायकल चालवून विक्रम केला होता. तो अकरा वर्षांहून जास्त काळ टिकला. इटलीचा फ्रान्सेस्को मोझर त्याच शहरात, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंचीवरच्या विरळ हवेत, दोन्ही सलग चाकं लावून उतरला. १९ जानेवारीला त्याने ५०.८०८ किलोमीटर केले, आणि चारच दिवसांनी ५१.१५१. वाद व्हायचा तो झालाच. हवा कापण्यासाठी सायकलला वेगळं आवरण लावायला बंदी होती. मोझरची डिस्क मात्र स्पोकवर चढवलेलं आवरण नव्हतं. भार पेलणारं चाक तेच होतं. हा भेद आजही जिवंत आहे. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघ, म्हणजे यूसीआय, स्पोकच्या चाकावर प्लास्टिकची झाकणं बसवायला परवानगी देत नाही. बऱ्याच ट्रायथलॉन स्पर्धांत मात्र मागच्या चाकाला झाकण चालतं, आणि महागडी डिस्क न परवडणाऱ्या हौशी लोकांसाठी ती मोठी सोय आहे.

पुढे यूसीआयने मोझरचा विक्रम वेगळ्या यादीत टाकला आणि तासाच्या विक्रमासाठी मर्क्सच्या काळासारखी सायकल सक्तीची केली. त्या नियमात ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनने २००० साली मँचेस्टरला ४९.४४१ किलोमीटर केले. मर्क्सपेक्षा फक्त दहा मीटर जास्त! २०१४ मध्ये नियम पुन्हा सैल झाले, डिस्क परतल्या, आणि ८ ऑक्टोबर २०२२ रोजी स्वित्झर्लंडमधल्या ग्रेन्खेनच्या लाकडी ट्रॅकवर फिलिप्पो गान्नाने ५६.७९२ किलोमीटर गाठले. बंदिस्त ट्रॅकवर घड्याळाविरुद्ध धावणारे पुढे आणि मागे, दोन्हीकडे डिस्क लावू शकतात. छताखाली वारा नसतो, त्यामुळे पुढच्या डिस्कनेही काही बिघडत नाही. तेच लोक रस्त्यावर उतरले की मागची डिस्क ठेवतात आणि पुढे मात्र उंच रिमचं, पण मधून वारा जाऊ देणारं चाक लावतात. इतक्या वर्षांच्या अनुभवातून ठरलेली ही निवड आहे, आणि तिच्यामागचं भौतिकशास्त्र फार अवघड नाही.

पुढचं चाक चिमट्यात बसवलेलं असतं आणि चिमटा हँडलबरोबर वळतो. ज्या रेषेभोवती तो वळतो ती तिरकी असते आणि हबच्या किंचित मागून जाते. त्यामुळे चाकाचा निम्म्याहून जास्त भाग त्या रेषेच्या पुढे पडतो. बाजूने येणारा वारा या पुढच्या भागाला जास्त ढकलतो आणि वारा जातो त्या दिशेने हँडल वळवू पाहतो. त्यात भर म्हणजे तिरक्या वाऱ्याचा दाब सपाट पृष्ठभागावर सारखा वाटला जात नाही. वारा ज्या कडेवर आधी आदळतो तिथे तो जास्त असतो. लहान कोनात या सगळ्या दाबाचं केंद्र पुढच्या कडेपासून साधारण एक-चतुर्थांश अंतरावर येतं आणि कोन वाढला की ते मागे सरकतं. म्हणजे झोत कमीजास्त होईल तसं पुढच्या चाकाला ढकलणारं बल नुसतं लहानमोठं होत नाही, त्याची जागाही हलते. हाताला जाणवणारा तो अनपेक्षित हिसका इथून येतो.

मागच्या चाकाला वळण्याची मुभाच नाही. ते सांगाड्यात घट्ट बसलेलं असतं आणि त्यावर पडणारा वाऱ्याचा जोर हँडलपर्यंत थेट पोहोचत नाही. शिवाय ते सायकल आणि स्वार यांच्या एकत्रित गुरुत्वमध्याच्या मागे असतं. बाणाला पिसं मागच्या टोकाला लावतात ती याच कारणाने. बाजूने वारा लागला की पिसांवरचा जोर बाणाचं टोक वाऱ्याकडे वळवतो आणि बाण सरळ राहतो. तीच पिसं पुढे लावली तर बाण भलतीकडे भरकटेल. टायर रस्त्याला धरून असल्यामुळे सायकल बाणासारखी मोकळी फिरत नाही हे खरं. पण वाऱ्याचा एकूण जोर मागे सरकणं सायकलच्या पथ्यावर पडतं, एवढं यातून कळतं. उंच रिमचं पुढचं चाक लावणाऱ्या काहींना मागे डिस्क असताना सायकल उलट जास्त शांत वाटते, त्यात नवल नाही.

थोडा हिशेब करू. ढोबळ आहे, चाक मोकळ्या हवेत एकटंच आहे असं धरलं आहे. प्रत्यक्षात सांगाडा आणि पाय वारा अडवतात. ताशी २० किलोमीटरचा वारा बरोबर काटकोनात येतोय. सायकल उभी असेल तर मागच्या डिस्कवर त्याचा जोर जेमतेम पाऊण किलो वजनाएवढा पडतो. आता सायकल ताशी ४० किलोमीटरने पळू लागली. स्वाराच्या दृष्टीने समोरची हवा आणि बाजूचा वारा मिळून ताशी सुमारे ४५ किलोमीटरचा, २७ अंशांनी तिरका वारा होतो, आणि बाजूचा जोर अडीच किलोच्या पुढे जातो. उतारावर वेग ६० झाला तर कोन १८ अंशांपर्यंत घटतो, पण जोर चार किलोच्या घरात पोहोचतो. वारा तोच आहे, फक्त आपण वेगाने गेलो. बाजूचा जोर आपल्या वेगाबरोबर वाढतो हे सायकलस्वारांनाही चटकन पटत नाही, पण उतारावर वेग कमी करणं हा वाऱ्यावरचा सर्वांत जुना आणि खात्रीचा उपाय का आहे ते यात दडलेलं आहे.

अडीच किलो हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण तो लागतो कुठे? चाकाच्या मध्याशी, जमिनीपासून ३३ सेंटिमीटरवर. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले, त्यांचा गुरुत्वमध्य मीटरभर उंचीवर धरला, तर हा जोर तोलून धरायला सायकल वाऱ्याकडे फक्त अर्ध्या अंशाने जास्त कलावी लागते. ते शरीर आपोआप करतं, कळतही नाही. हाच जोर पुढच्या चाकावर, वळण्याच्या रेषेच्या दहा सेंटिमीटर पुढे लागला तर हँडलला अडीच न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. शर्यतीच्या सायकलवर कोपर टेकवून, हात जवळजवळ घेऊन स्वार वाकलेला असतो. दोन्ही कोपरांत वीस सेंटिमीटर अंतर असेल तर प्रत्येक कोपराला सव्वा किलोच्या जोराने तो पीळ रोखावा लागतो, तोही पूर्वसूचनेविना. सायकल पडते ती इथे.

१२ जून २०१९ रोजी फ्रान्समधल्या रोआनजवळ हेच घडलं. चार वेळा तूर द फ्रान्स जिंकलेला ख्रिस फ्रूम क्रितेरियम द्यू दोफिने शर्यतीच्या वेळेविरुद्धच्या टप्प्याचा मार्ग आदल्या तासांत पाहून घेत होता. उताराचा वळणावळणाचा भाग संपून घरांमधला सरळ रस्ता आला. नाक साफ करायला त्याने हँडलवरचा हात काढला, नेमका तेव्हा वाऱ्याचा झोत आला आणि पुढचं चाक भरकटलं. तो भिंतीवर आदळला. वेग ताशी ५० किलोमीटरहून जास्त होता. मांडीचं हाड, कोपर आणि बरगड्या मोडल्या, आणि त्यानंतर तो पूर्वीचा फ्रूम कधीच झाला नाही. या अपघातातले धागे सुटे करून पाहिले तर उतार आहे, घरांच्या आडोशातून मोकळं होणं आहे, एका हाताने धरलेलं हँडल आहे आणि पुढचं चाक आहे.

मागच्या डिस्कच्या बाजूने नेहमी दिलं जाणारं उदाहरण १९८९ च्या तूर द फ्रान्सचं. २३ जुलैला व्हर्सायहून पॅरिसपर्यंतचा २४.५ किलोमीटरचा शेवटचा टप्पा, आणि अमेरिकेचा ग्रेग लेमाँ फ्रान्सच्या लोराँ फिन्योंपेक्षा ५० सेकंदांनी मागे. लेमाँने मागे डिस्क आणि पुढे स्पोकचं चाक लावलं. फिन्योंने दोन्हीकडे डिस्क लावल्या. लेमाँने तो टप्पा ५८ सेकंदांनी आणि शर्यत आठ सेकंदांनी जिंकली. ही गोष्ट सांगून पुढची डिस्क वाईट असं सिद्ध करणारे लोक भेटतात, पण मला तो युक्तिवाद पटत नाही. लेमाँच्या हँडलला पुढे झुकून कोपर टेकवायचे नवे बार होते आणि डोक्यावर हवा कापणारं हेल्मेट. फिन्यों उघड्या डोक्याने, शेंडी वाऱ्यावर सोडून, साध्या हँडलवर होता. शरीराचा तीन-चतुर्थांश वाटा लक्षात घेतला तर निकाल चाकांनी लावला असं म्हणणं अवघड आहे. त्या दिवसापासून एक गोष्ट मात्र शिकता येते, की एवढं सगळं पणाला लागलेलं असताना लेमाँने मागच्या डिस्कला हात लावला नाही.

याच्या अगदी उलट टोकाला हवाईतली कोना. आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची जागतिक स्पर्धा १९७८ मध्ये ओआहू बेटावर सुरू झाली आणि १९८१ पासून हवाईच्या मोठ्या बेटावर आली. तिथला १८० किलोमीटरचा सायकलमार्ग लाव्हाच्या काळ्या, उघड्या माळावरून जातो. एक झाड नाही, आडोसा नाही. डोंगरातून समुद्राकडे मुमुकू नावाचे वारे झोताझोताने उतरतात आणि हावी गावाहून परतताना उतारावर ते थेट बाजूने लागतात. या स्पर्धेत अनेक वर्षं डिस्क व्हीलवर बंदी राहिली, मागचीसुद्धा. आतापर्यंतचं विवेचन धरलं तर ही बंदी चुकीच्या चाकावर घातलेली दिसते, कारण पुढे उंच रिम लावायला तिथे मोकळीक होती. आयोजकांची बाजूही आहे. त्या रस्त्यावर व्यावसायिक स्पर्धकांच्या मागून सत्तरीतले हौशी लोकही जातात, आणि एक साधा, तपासायला सोपा नियम सगळ्यांना लावणं त्यांना बरं वाटलं असेल. पण सुरक्षिततेसाठी एकाच चाकाला हात लावायचा असता, तर मी पुढच्या रिमची उंची मर्यादित केली असती. यूसीआयने एकत्र सुटणाऱ्या रस्त्याच्या शर्यतींसाठी २०२६ पासून रिमची उंची ६५ मिलिमीटरवर आणली आहे. डिस्क तर अशा शर्यतींत आधीपासूनच चालत नाही. त्याचं कारण वाऱ्याइतकंच गर्दीचंही आहे. शे-दीडशे सायकली खांद्याला खांदा लावून पळताना एकाचा हिसका दहा जणांना पाडतो.

तेव्हा वारा जोरात असेल तर करायचं काय? आधी पुढचं चाक बदलायचं, कमी उंचीच्या रिमचं लावायचं. मागची डिस्क काढायची वेळ त्यानंतर येते, आणि बहुतेकदा येतच नाही. स्थिर वाऱ्याला घाबरण्यासारखं फार नसतं, कारण शरीर त्याला टेकून चालतं. धोका वारा बदलण्यात आहे. झाडांची रांग संपते, पूल सुरू होतो, दोन इमारतींच्या मधली फट येते. मोठा ट्रक शेजारून पुढे जाताना तर दोन-तीन सेकंदांत सगळं होतं. उजवीकडून येणारा ट्रक आधी आपल्याला डावीकडे ढकलतो, मग उजवीकडचा वारा अडवतो आणि पुढे निघून जाताना आत ओढतो. म्हणून रस्त्याच्या अगदी कडेला न जाता मीटरभर जागा राखावी. अशा ठिकाणी कोपरांवरून उठून ब्रेकजवळची रुंद पकड घ्यावी, खांदे सैल सोडावेत आणि पायडल मारणं थांबवू नये. झोत आला की घाबरून पुढचा ब्रेक आवळणं ही सर्वांत वाईट प्रतिक्रिया. बाटली काढायची, नाक पुसायचं, ते आडोशात किंवा चढावर. नवी डिस्क पहिल्यांदा स्पर्धेच्या सकाळी लावणाऱ्यांना मी काही सांगत नाही. ते ऐकतही नाहीत.

उभ्या सायकलीचं गणित मात्र निराळं. भिंतीला टेकवलेल्या डिस्कच्या सायकलला साधा झोतही आडवं करतो, कारण तिथे तोल सांभाळणारं कुणी नसतं. खोगिरावर लटकवून ठेवतात त्या रॅकवर ती वाऱ्याने झुलते आणि शेजारच्या सायकलीवर आपटते. गाडीच्या टपावर नेताना डिस्क लावून कधीच नेऊ नये. महामार्गाच्या वेगाला या चाकावर येणारा जोर सोसायला कॅरिअरच्या पट्ट्या बनवलेल्या नसतात. चाक काढून, पिशवीत घालून, आत ठेवावं. बंद गाडीत उन्हातही ठेवू नये, विशेषतः टायर गोंदाने चिकटवलेला असेल तर. तो गोंद उष्णतेने मऊ होतो, आणि वळणावर टायर रिमवरून सरकला की सावरायला वेळ मिळत नाही.

आता त्या कंटाळवाण्या जागा. सरावाचं चाक काढून डिस्क बसवली की नव्वद टक्के लोक टायरमध्ये हवा भरून निघतात, आणि बिघाड नेमका इथून सुरू होतो. दोन चाकांच्या हबवर कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, अगदी एकाच जागी बसत नाही. मिलिमीटरभराचा फरक असतो. सर्वांत मोठ्या चकतीवर टाकलं की चेन आतल्या बाजूला उडते. साध्या चाकात ती स्पोकला लागून खणखण करते, एखादा स्पोक तुटतो आणि कोपऱ्यावरचा मिस्त्री तो बदलून देतो. डिस्कमध्ये ती कॅसेट आणि कार्बनच्या मधल्या फटीत घुसते आणि कार्बन खरवडते. ती जखम भरून निघत नाही. मागच्या गिअरच्या आतल्या मर्यादेचा स्क्रू डिस्क बसवल्यावर दर वेळी पाहून घ्यायचा, एवढं साधं काम आहे. काही डिस्क मधोमध फुगीर असतात, त्या ब्रेकच्या रबराला किंवा मागच्या सांगाड्याच्या नळ्यांना घासतात. हाताने फिरवून पाहिलं तर घासत नाहीत, स्वार बसून जोर लावला की घासतात. म्हणून तपासणी उभी सायकल फिरवून नको, चढावर उभं राहून पायडल मारून करायची.

रिमवर पकडणारे ब्रेक असतील तर आणखी दोन गोष्टी. डिस्कच्या रिमची रुंदी सरावाच्या चाकापेक्षा वेगळी असते, त्यामुळे ब्रेकची तार पुन्हा जुळवावी लागते. आणि कार्बनच्या रिमला कार्बनसाठीची रबरं लागतात. ॲल्युमिनियमच्या चाकावर वापरलेल्या रबरांत धातूचे कण रुतलेले असतात, ते कार्बनला ओरबाडतात. घाटाच्या लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला तर कार्बन तापतो, कारण तो उष्णता ॲल्युमिनियमइतकी लवकर पसरू देत नाही. थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. चाकाच्या मध्याशी डिस्क ब्रेक असलेल्या नव्या सायकलींवर ही काळजी उरलेली नाही, आणि माझ्या मते मागच्या डिस्क व्हीलची सुरक्षितता गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त वाढली ती या एका बदलामुळे.

हवा भरणं हा तर स्वतंत्र खेळ आहे. स्पोकच्या चाकात व्हॉल्व्हला पंप लावायला चारी बाजूंनी जागा असते. डिस्कमध्ये रिमजवळ एक लहानसा खळगा असतो आणि व्हॉल्व्हचं टोक त्यात दडलेलं असतं. साध्या पंपाचं तोंड तिथे बसत नाही. काटकोनात वळलेली एक छोटी नळी मध्ये लावावी लागते. ती नळी घरी विसरली तर स्पर्धेच्या जागी शंभर पंप असले तरी उपयोग नाही, आणि रस्त्यात पंक्चर झालं तर गॅसची कुपीही तिथे पोहोचत नाही. ती नळी खिशात नाही, खोगिराखालच्या पिशवीत कायमची राहिली पाहिजे. खळगा झाकायला चिकटपट्टी लावतात. ती नीट लावावी, नाहीतर वाटभर फडफडते आणि चाक फुटलं की काय अशी शंका येत राहते.

दाबाबाबत उष्ण प्रदेशातल्या लोकांनी विशेष सावध राहायला हवं. गोव्यात २०१९ मध्ये मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ स्पर्धा सुरू झाली, आणि महाराष्ट्रातले अनेक जण तिथे ९० किलोमीटर सायकल चालवायला जातात. अशा स्पर्धांत सायकल आदल्या दिवशीच जमा करावी लागते. उघड्या मैदानात, उन्हात, काळं चाक. हवा २५ अंशांवर भरली आणि टायर तापून ५५ अंशांवर गेला तर आतला निरपेक्ष दाब दहा टक्क्यांनी वाढतो. १०० पीएसआय भरलेले १११ होतात. जुन्या, गोंदाने चिकटवायच्या टायरला हे चालून जातं. पण आता बऱ्याच डिस्कच्या रिमला टायर धरून ठेवणारी आतली कड, म्हणजे हूक, नसते. अशा रिमला ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआयच्या वर हवा भरायची नसते. ७० भरून निर्धास्त झालेल्या माणसाच्या टायरमध्ये दुपारी ७८ झालेले असतात. टायर रिमवरून उडाला तर आवाज बॉम्बसारखा होतो, आणि तो उभ्या सायकलीचा उडाला तर नशीबच म्हणायचं. सायकल जमा करताना हवा कमी करून ठेवायची आणि पहाटे थंड टायरमध्ये मोजून भरायची. पहाटेच्या रांगेत ती वाकडी नळी कुणाकडे आहे का, असं विचारत फिरणारे दोन-चार जण दर वर्षी दिसतात.

रस्त्याचा धक्काही निराळा लागतो. डिस्क उभ्या दिशेने फार ताठ असते, त्यामुळे गतिरोधकावरून जाताना खोगिरावरून उठून मागच्या चाकावरचं वजन काढलं नाही तर रिमला थेट मार बसतो. साध्या चाकाचा आउट निघाला तर मिस्त्री स्पोक कमीजास्त ताणून चाक सरळ करतो. ज्या डिस्कच्या आत स्पोक लपवलेले असतात अशा थोड्या प्रकारांत ते जमतं, पण एकसंध कार्बनच्या चाकाचा आउट काढताच येत नाही. ते आहे तसं वापरायचं, नाहीतर बदलायचं.

आणि बदलायचं कधी, हे ओळखणं सर्वांत अवघड, कारण कार्बन आतून सुटतो तेव्हा वरून चकाकतच असतो. बहुतेक चाकांत दोन पातळ कार्बनच्या थरांमध्ये फेस किंवा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा हलका गाभा असतो. सायकल पडली, पिशवी आदळली, कुणी चाकावर बसलं, की थर गाभ्यापासून सुटू शकतो. नाण्याने चाकावर सगळीकडे हलकं ठोकत जायचं. चांगल्या जागी आवाज टणक आणि एकसारखा येतो, सुटलेल्या जागी बद्द. हबच्या भोवतीचा आणि रिमला जोडलेला भाग विशेष पाहायचा; भेग तिथेच सुरू होते. टायर काढून रिमचा आतला भागही पाहायचा. व्हॉल्व्हच्या खळग्यातून पावसाचं किंवा धुण्याचं पाणी आत गेलं असेल तर चाक हलवल्यावर खुळखुळतं. ते चाक खळगा खाली करून रात्रभर टांगून ठेवावं. जुनं चाक विकत घेताना त्यावरचे स्टिकर काढून दाखवायला सांगा. विकणारा नाही म्हणाला, तर ते चाक त्याच्याकडेच राहू द्या.